एकशेपन्नास शब्दांत देव

२ मार्च, सोमवार

आज बावन्न पत्रं आली. त्यातली एकेचाळीस देवावर.

एरवी आमच्या पानाला दिवसाला पंधरा-वीस पत्रं येतात. रस्त्यावरचे दिवे, बसथांब्याचं गळकं छप्पर, शेजाऱ्याचं कुत्रं. बावीस वर्षं मी हीच पत्रं वाचतोय, कापतोय आणि छापतोय. एकशेपन्नास शब्दांच्या पुढे कुणाला जाऊ देत नाही. ऑफिसात मला ‘कात्री’ म्हणतात, आणि ते तोंडावर म्हणतात, म्हणजे प्रेमानेच म्हणत असावेत.

झालं ते असं. गेल्या मंगळवारी सकाळी पुलाचा कठडा तोडून एक बस नदीत गेली. अकरा माणसं होती, सात गेली. सहा वर्षांची एक मुलगी काठाच्या चिखलात जिवंत सापडली. दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर मथळा: ‘देवाची कृपा! चिमुरडी सुखरूप’. मथळा माझा नव्हे. पण त्यावर पहिलं पत्र आलं ते माझ्या टेबलावर. लिहिणारा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. निळ्या शाईने लिहितो आणि पट्टी धरून लाल शाईने अधोरेखित करतो, म्हणून आम्ही त्याला ‘लाल शाई’ म्हणतो. त्याचा सवाल एवढाच: ‘एकीला वाचवणाऱ्या देवाचं गेलेल्या सात जणांनी काय घोडं मारलं होतं?’

छापलं. सवाल सरळ होता आणि मोजून चाळीस शब्दांत होता. आमच्या धंद्यात हाही एक गुण.

मग औषधाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंचं उत्तर आलं: ‘ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांच्या दारात उभं राहून तर्कशास्त्र शिकवू नये. आधाराला देव लागतो, तुमची पट्टी नाही.’ तेही छापलं. आणि मग बांधच फुटला.

दुपारी संपादक स्वतः टेबलापाशी आले. वयाने माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. म्हणाले, “पान रंगतंय हो तुमचं!”

“माणसं मेलीत, सर.”

“म्हणूनच तर. विषय जिवंत आहे.”

आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. उद्यापासून पाव पानाऐवजी अर्धं पान.

४ मार्च, बुधवार

छापण्याआधी पत्रलेखकाला फोन करून खात्री करायची, हा नियम. लाल शाई फोनवर अगदी मऊ बोलतात. माझ्या खोकल्याची चौकशी केली. औषधवाल्या बाईंच्या मागे गिऱ्हाइकांचा गलका होता. “जेवणानंतर एक,” असं कुणालातरी सांगून मला म्हणाल्या, “नाव छापा बिनधास्त. मी काही लपवाछपवी करत नाही.”

फोन ठेवताना दोघांनीही तेच विचारलं. “तिकडून काय आलंय आज?”

मला वाटतं, त्या दोघांना एकमेकांइतकं लक्ष देऊन दुसरं कुणी वाचत नसेल. घरचे तर नाहीच.

लोक मला विचारतात, तुमचं मत काय? मी सांगतो, मी चाळणी आहे, चाळणीला कुठे मत असतं. खरं म्हणजे मी मानत नाही. कधीपासून, ते आठवत नाही, आणि कुणी खोदून विचारलंही नाही. ही मानते. रोज सकाळी मागच्या खोलीत दहा मिनिटं बसते, दार लोटून. तेवढ्यात मी चहा टाकतो. तीस वर्षं झाली, आमच्या घरात या विषयावर एक शब्द नाही. लोकांनी आमच्याकडून शिकावं.

५ मार्च, गुरुवार

आज वेगळीच बातमी आली. ती वाचलेली मुलगी पोलिसांना म्हणाली, “ताईनं मला खिडकीतून ढकललं.” ही ताई म्हणजे नर्सिंग शिकणारी बावीस वर्षांची मुलगी. ती स्वतः बाहेर आली नाही.

संध्याकाळच्या आत तिच्या वाटण्या झाल्या. एका बाजूची पत्रं म्हणतात, देवच तिच्या रूपाने धावून आला. दुसरी बाजू म्हणते, हात माणसाचा होता, श्रेय देवाला कसलं देता? मी दोन्हीकडची तीन-तीन पत्रं निवडली. लांबीही सारखी ठेवली.

पान लावणारा आमचा पोरगेला गडी, ज्याला आम्ही ‘मिलिमीटर’ म्हणतो (तेवढ्या जागेसाठी तो भांडतो), तिचा फोटो सरळ करता करता म्हणाला, “साहेब, ही असती तर काय म्हणाली असती?”

“पत्र पाठवलं असतं,” मी म्हटलं.

बोलून गेलो, मग दिवसभर खात राहिलं.

१० मार्च, मंगळवार

तिच्या वडिलांचं पत्र आलं. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या तपासणीच्या छापील फॉर्मच्या पाठीमागे लिहिलंय. अक्षर शब्दांपेक्षा आकड्यांची सवय असलेल्या माणसाचं. सुरुवातीचा भाग इथे उतरवून ठेवतो, कारण बावीस वर्षांत असं पत्र मला फारसं आलेलं नाही:

‘बसमधली नर्सिंगची मुलगी माझी. तुमच्या पानावर तिच्याबद्दल रोज येतं ते वाचतो. कुणी म्हणतं तिला देवाने पाठवलं. कुणी म्हणतं देवाचा संबंध नाही. मला एवढंच माहीत आहे की तिला सव्वासातच्या बसने जायचं होतं. उठायला उशीर झाला म्हणून पावणेआठची धरली. त्यावरून मी दारात तिला ओरडलो. ती देव मानत नव्हती. मी मानतो. जेवताना आमचं रोज वाजायचं. ती म्हणायची, बाबा, लिफ्ट चालू करण्याआधी तुम्ही दोर तपासता की देवाचं नाव घेता? मी म्हणायचो, दोन्ही. ती हसायची. त्या दिवसापासून मी प्रार्थनेला बसलेलो नाही.’

यापुढे आणखी एक परिच्छेद आहे, राग वगैरे. जरा भरकटलाय. पत्र लांब होतं, तेव्हा शेपूट कापलं. शेवटाकडून कापणं सगळ्यात सोपं, वाक्यांना धक्का लागत नाही.

त्यांना फोन केला. कुठल्याशा इमारतीत काम करत होते, आवाज घुमत होता. म्हटलं, “थोडं कापावं लागेल.”

“कापा हो. मला कुठे लिहिता येतं. फक्त मतलब राहू द्या.”

“अर्थातच,” मी म्हटलं.

चार वाजता पान छपाईला सोडताना मिलिमीटर ओरडला, “खाली चार सेंटिमीटर राहिलंय, काय टाकू?” ‘पत्रे थोडक्यात लिहा’ची चौकट टाक म्हणून सांगितलं. मथळा संपादकांनी दिला: ‘मी आता प्रार्थना करत नाही’. पहिल्या पानावरही त्याची ओळ आहे.

११ मार्च, बुधवार

हिने सकाळी पेपर वाचला. बराच वेळ तेच पान समोर होतं.

“त्यांनी एवढंच लिहिलं होतं?”

“एवढंच म्हणजे? चांगलं लांबलचक आहे की.”

“नाही, शेवट असा वाटतो... जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी.”

“दुःखातला माणूस आहे. दुःखात असंच लिहितात.”

तिने पेपराची घडी घातली. “हो. तुम्हाला माहीत,” म्हणाली.

१३ मार्च, शुक्रवार

चौऱ्याण्णव पत्रं. लाल शाईंनी त्या बापाला ‘धैर्यवान माणूस’ म्हटलंय आणि धैर्यवानखाली दोन रेघा मारल्यात. एका संघटनेला त्याचा सत्कार करायचाय. दुसऱ्या बाजूच्या बारा जणांनी लिहिलंय की आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतोय, आणि त्यातल्या चौघांची भाषा अशी आहे की ती प्रार्थना ऐकणाऱ्यानेच कानांवर हात ठेवावा. एकाने लिहिलंय, बाप असा म्हणूनच मुलगी गेली. हे मी फाडून टाकलं. नियमाने फाडायचं नसतं, जपून ठेवायचं असतं.

संपादक खूश. माझी मान दुखते. अक्षरं डोळे मिटल्यावरही हलत राहतात. देव आहे की नाही याचं मला आता काही पडलेलं नाही. जो कोणी असेल किंवा नसेल त्याने थोडं थोडक्यात लिहायला सांगावं लोकांना.

ही आजकाल मागच्या खोलीचं दार पूर्ण लावून घेते. विचारलं तर म्हणाली, वारा येतो. असेल. हवा बदलतेय.

१७ मार्च, मंगळवार

आज ते आले.

मी पत्रं लावत होतो. समोर खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेला, माझ्याच वयाचा माणूस उभा. हातात पेपर, आठ घड्या घातलेला.

“मी लिफ्टवाला. पत्र होतं माझं.”

“बसा ना. पाणी?”

बसले, पण खुर्चीच्या कडेवर. पेपर उलगडून माझ्यासमोर ठेवला.

“साहेब, मी तुम्हाला म्हटलं होतं, मतलब राहू द्या.”

“अहो, जागेची मर्यादा असते. सगळ्यांचीच पत्रं आम्ही...”

त्यांनी चौकटीवर अंगठा ठेवला. ग्रीस नखांत मुरलेलं होतं. ‘पत्रे थोडक्यात लिहा.’ अंगठ्याने ती चौकट मापली, मग त्याच अंगठ्याने पत्राच्या ओळी मापल्या.

“इथे माझ्या आठ ओळी बसल्या असत्या. आम्हाला फटीत माप घ्यायची सवय असते, म्हणून म्हटलं.”

उघड्यावरच होतं सगळं.

मग त्यांनी सांगितलं, आणि तक्रारीचा सूर नव्हता, तेच जास्त लागलं. परवा चौघं जण सभेला चला म्हणून आले. व्यासपीठावर बसा, दोन शब्द बोला. तीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून प्रार्थना केली ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जातात. त्यातले दोघं घरी येऊन अडीच तास बसले, परत या म्हणाले. “मी म्हटलं, मी गेलोय कुठे?” घरी एक्याऐंशी वर्षांची आई. तिला दिसत नाही, शेजारणीने पेपर वाचून दाखवला. त्या दिवसापासून ती मुलाशी बोललेली नाही. ताट सरकवते.

“तिला वाटतं नात गेली, आता मुलगाही गेला. मी सांगतो, आई, मी तसं लिहिलं नव्हतं. ती म्हणते, छापलंय ना? छापलेलं खोटं असतं होय?”

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला मुलं?”

“एक मुलगी. परगावी असते.”

मी नेहमी एकच सांगतो. त्याच्या आधीचं जे होतं ते अकरा दिवसांचं होतं. ते कसं मोजायचं हे मला कुणी सांगितलेलं नाही.

त्यांना बसवून मी संपादकांच्या काचेच्या खोलीत गेलो. म्हटलं, पत्र पूर्ण छापू या. ते म्हणाले, “‘पत्रे संपादित केली जातील’ असं आपण रोज छापतो. मग माफी कसली?”

“अर्थ उलटा झालाय, सर.”

“उलटा कुठे? प्रार्थना करत नाही म्हणाला, नाही करत. तो रागावलाय ही बातमी नाही, सोडलं ही बातमी आहे. फार तर दोन ओळींचा खुलासा टाका, खाली कुठेतरी.”

बाहेर आलो तर ते उभे होते. काचेतून ऐकू गेलं नसेल, पण माझा चेहरा वाचता आला असेल. म्हणाले, “निघतो. एका ठिकाणी माणसं अडकलीत मधल्या मजल्यावर.”

१८ मार्च, बुधवार

मूळ पत्र ड्रॉवरमधून काढलं. मी कापलं ते हे:

‘कारण मी त्याच्यावर रागावलोय. त्याचं तोंड बघायची इच्छा नाही. पण राग आहे म्हणजे तो आहे, असं मी धरून चालतो. नसलेल्यावर कोण रागावेल? आई विचारते, प्रार्थनेला कधी बसणार? मी म्हणतो, आधी त्याने येऊन माझ्यासमोर बसावं. तेव्हा कृपा करून मला कुठल्याच बाजूला ओढू नका. ती असती तर म्हणाली असती, बाबा, तुमचा तर्क कच्चा आहे. ते एकदा ऐकायला मिळालं तर काय पाहिजे ते घ्या माझ्याकडून. तुमच्या पानावर जे भांडतात त्यांना सांगा, समोर भांडायला माणूस आहे तोवर भांडून घ्या.’

हे मी ‘भरकटलंय’ म्हणून कापलं होतं.

का कापलं, यावर सकाळपासून विचार करतोय. लांब होतं म्हणून? जागा होती. वाद पेटावा म्हणून? देवाशपथ नाही. (हात आपोआप काय लिहितो बघा.) न मानणाऱ्यांची बाजू वर यावी म्हणून? मला त्यांचाही तितकाच कंटाळा आहे. एवढं आठवतं की त्या दिवशी हा परिच्छेद वाचताना घशाशी काहीतरी आलं होतं आणि मी घाईघाईने कात्री चालवली. दुपारचं जेवलो नव्हतो. पित्त असणार.

२० मार्च, शुक्रवार

संपादक आज बाहेरगावी बैठकीला. पान मी लावलं.

सगळी पत्रं काढली. मधोमध त्यांचं पत्र, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि शेजारी तीन ओळी: ‘हे पत्र १० मार्चला आले होते. शेवटचा भाग मी कापला. जागा होती.’

मिलिमीटरने वाचलं. पुन्हा वाचलं.

“पान कुणी पाहिलंय?”

“मी.”

“वरून?”

“वर कोण आहे ते ठरायचंय अजून,” मी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी तो हसला, आणि मीही. मग गंभीर होऊन म्हणाला, “साहेब, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची.”

“माहीत आहे. लाव.”

त्याने लावलं. पत्राच्या चारी बाजूंना त्याने जेवढी मोकळी जागा सोडली तेवढी तो एरवी कुणाच्या बापालाही सोडत नाही.

२२ मार्च, रविवार

हे लिहावं की नाही कळत नाही. पण लिहितो.

काल सकाळी हिने पत्र उभ्यानेच वाचलं. मग खाली बसली. मी समोरच होतो. मला वाटलं, शाबास म्हणेल.

म्हणाली, “तुम्ही दवाखान्यात मला काय म्हणाला होतात, आठवतं?”

“कधी?”

“अकराव्या दिवशी.”

मला खरंच आठवत नव्हतं. तिने सांगितलं. नर्स बाळाला गुंडाळून घेऊन गेली. ही भिंतीकडे तोंड करून देवाचं नाव घेत होती, आणि मी म्हणालो होतो, “आता विचार तुझ्या देवाला, का ते.” आणि बाहेर निघून गेलो. कागदपत्रांवर सह्या करायला.

“मी तसं म्हणालो असेन?”

“म्हणालात. मग मी विचारलं. तेव्हापासून रोज विचारतेय.”

“म्हणजे रोज सकाळी...”

“तुम्हाला काय वाटलं, मी मागत बसते काहीतरी? मी भांडते. कधी कधी असं बोलते की तुम्ही छापणार नाही.”

मी म्हटलं, “उत्तर मिळालं?”

“नाही. पण त्याच्याशी भांडायला तरी मिळतं. तुमच्याशी भांडावं म्हटलं तर तुम्ही सापडला नाहीत कधी. तीस वर्षं चहा आणून देताय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. दिवसभर भार उचलून शेवटच्या पायरीवर माणूस बसतो तसा. म्हणाली, “दार वाऱ्यासाठी लावत नव्हते. तुमचं पान वाचल्यापासून तिकडे फार जोरात बोलायला लागले होते, म्हणून.”

थोड्या वेळाने ती उठून भांडी घासायला लागली आणि मी शेजारी उभा राहून पुसत राहिलो. एक भांडं दोनदा पुसलं.

२४ मार्च, मंगळवार

अपेक्षेप्रमाणे बोलावणं आलं. संपादक ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तुम्ही थकला आहात. थोडं हलकं काम घ्या.” उद्यापासून मी हवामान आणि शब्दकोडं. शब्दकोड्याचं एक बरं, तिथे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते चौकटीत बसतंच बसतं. पान आता एक चुणचुणीत मुलगी बघणार आहे. वाद तसाच चालू राहील. तिला म्हटलं, शेवटून कापत जाऊ नकोस. ती म्हणाली, “मग कुठून कापायचं?”

पूर्ण पत्राने कुणाचंच समाधान झालं नाही. एका बाजूला वाटतं माणसाने कच खाल्ली. दुसरी म्हणते, देवावर रागावतो म्हणजे काय, कोण लागून गेला! तरीही टेबल आवरताना दोन पत्रं बाजूला ठेवली.

एक औषधवाल्या बाईंचं. नेहमी टाइप केलेलं असतं, हे हाताने लिहिलेलं: ‘मीही एकदा वर्षभर रागावले होते. नवरा गेला तेव्हा. तुमच्या पानावर हे कधी बोलायला सुचलं नाही. बोलले असते तर समोरच्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं झालं असतं. छापू नका.’

दुसरं लाल शाईंचं. ‘नसलेल्या गोष्टींवरही माणूस रागावतो. नशिबावर रागावतो, दगडाला ठेचकाळून दगडावर रागावतो. तेव्हा राग हा अस्तित्वाचा पुरावा होत नाही. तर्क कच्चा आहे.’ आणि ‘तर्क कच्चा आहे’खाली, पट्टी धरून, लाल रेघ.

आधी संताप आला. दुसऱ्याच्या घरी मरण झालंय, तरी मेल्याची पट्टी सुटत नाही. पत्र फाडायला घेतलं. मग थांबलो. ती शेवटची ओळ पुन्हा पाहिली.

पत्र पाकिटात घालून लिफ्टवाल्यांच्या पत्त्यावर पाठवून दिलं. सोबत काही लिहिलं नाही. चूक केली की बरोबर, देव जाणे. म्हणजे, कुणास ठाऊक.

२७ मार्च, शुक्रवार

दुपारी फोन वाजला. लिफ्टवाले. आवाज घुमत होता.

“साहेब, ते पत्र मिळालं. कोण हे गृहस्थ?”

“मोजणी खात्यात होते. रागावू नका, स्वभाव तसा आहे त्यांचा.”

“अहो, रागावतोय कशाला. जिन्यात बसून चार वेळा वाचलं. अगदी तिच्यासारखं लिहिलंय. तोच खडूसपणा.” मग म्हणाले, “पत्ता मिळेल त्यांचा? पुराव्याचं ते चुकीचं बोलतायत, मला सांगायचंय त्यांना. समोर बसून.”

बाहेरच्यांना पत्ता द्यायचा नसतो. लाल शाईंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “मी फार कठोर लिहिलं का हो?”

“लिहिलंत. पण त्यांना आवडलंय.”

“मी एकटाच असतो,” ते म्हणाले. “रविवारी कधीही या म्हणावं.”

लिफ्टवाल्यांना पत्ता सांगितला. फोन ठेवता ठेवता मी आईंचं विचारलं.

“पूर्ण छापलेलं पत्र शेजारणीकडून तीन वेळा वाचून घेतलं. मग मला हाक मारली. म्हणाली, राग आहे ना? मग ठीक आहे. मला वाटलं होतं काहीच नाही राहिलं. जेवून घे.”

२९ मार्च, रविवार

आज ही मागच्या खोलीत गेली तेव्हा दार उघडं राहिलं. मी दाराशी गेलो. आत जाऊ की नको कळेना. तिने पाहिलं, सरकून जागा केली.

मी बसलो. मला कुणाला काही म्हणायचं नव्हतं. ती मनात भांडत असेल तर तसं दिसत नव्हतं, ओठ हलत होते एवढंच. माझे पाय मात्र पाच मिनिटांत भरून आले आणि मी हलू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “बसा की सरळ. इथे कुणी तुमची परीक्षा घेत नाहीये.”

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, कसं ते मला सांगता येणार नाही. म्हटलं, “त्याचं नाव काय ठेवणार होतो आपण?”

“ठेवणार होतो कुठे? ठेवलंय,” ती म्हणाली.

तिने नाव सांगितलं. नीट ऐकू आलं नाही म्हणून मी परत सांगायला लावलं. ते इथे लिहीत नाही.

“तुझा अजून राग आहे माझ्यावर?”

“आहे.”

“किती?”

“मोजला नाही कधी.”

मी म्हटलं, मला तो आठवत नाही. चेहराच आठवत नाही. कपाळ कसं होतं, कुणावर गेला होता? तिने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक मी खरंच विचारतोय का, हे बघत असावी. मग तिने सुरुवात केली. डाव्या कानापासून केली. त्याची पाळी जरा दुमडलेली होती म्हणे.

लांबलं. मी लांबू दिलं.